धुक्यातला भोंगा

थंडीच्या पहाटे मुंबईच्या वेसावा, मढ, मनोरी, गोराईच्या बोटी खोल समुद्राकडे निघतात, तेव्हा कधी कधी धुकं आणि शहराचा धूर मिसळून समोरचं दिसेनासं होतं. पुढे मालवाहू जहाजांची वाट. ते अजस्र धूड इंजिन बंद केलं तरी लगेच थांबत नाही. शिवाय लाकडी किंवा फायबरची बोट त्याच्या रडारवर धड उमटत नाही. म्हणून डोलकाठीवर उंच जागी रडार परावर्तक हवाच. दिसायला पत्र्याचं खेळणं, पण नसेल तर बोट जहाजाला जवळपास अदृश्यच!

समुद्रात टक्कर टाळण्याच्या १९७२च्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे धुक्यात मासेमारी करणाऱ्या बोटीने एक लांब आणि लगेच दोन आखूड भोंगे द्यायचे, भोंग्यांच्या दोन फेऱ्यांत २ मिनिटांहून जास्त खंड नको. लांब म्हणजे ४ ते ६ सेकंद. १२ मीटरहून लहान होडीला हीच खूण सक्तीची नाही. पण दुसरा कुठलातरी जोरदार आवाज करावाच लागतो.

समोरून भोंगा आला तर अंदाजाने वळू नका. वेग अगदी कमी करा, गरज पडल्यास थांबा. तांडेलदादा, दिवे लावा, जीवरक्षक जाकीट अंगात घाला, व्हीएचएफ रेडिओची १६ नंबरची वाहिनी चालू ठेवा. आणि संकटात तटरक्षक दलाचा क्रमांक फिरवा: १५५४.