ॲपवरचा आकडा आपल्या गावचा नाही

आजचा एपिसोड छोटा आहे. पण जुन्नर-आंबेगावात ज्यांचं घर किंवा शेत आहे, त्यांनी शेवटपर्यंत ऐका.

पुणे-नाशिक औद्योगिक द्रुतगती महामार्ग, म्हणजे रस्ते विकास महामंडळाचा सुमारे २१३ किलोमीटरचा प्रस्ताव, तुम्हाला माहीतच आहे. खेड, आंबेगाव, जुन्नरच्या शेतकऱ्यांनी त्याला विरोध केला. तेव्हा काकांचा मला फोन आला. म्हणाले, "अरे, तू कंप्युटरवाला ना? मग सांग, आज आपली हवा कशीये? उद्या रस्ता आला, खडी-डांबराचे प्लांट आले, द्राक्षांवर धूळ बसली, तर आधी काय होतं हे कोण सांगणार?"

मी फोनवरच्या एका ॲपमध्ये नारायणगाव टाकलं, आकडा आला, स्क्रीनशॉट पाठवला. विषय संपला!

रात्री मात्र डोक्यात किडा वळवळायला लागला, हा आकडा मोजला कुणी? त्या ॲपची माहिती वाचली. तो आकडा मोजलेलाच नव्हता. उपग्रह आणि हवामानाच्या मॉडेलवरून काढलेला अंदाज होता. मग केंद्रीय प्रदूषण मंडळाचं 'समीर' ॲप उघडलं. पुण्याच्या बाजूला कर्वे रोड, हडपसर, कात्रज, भोसरी, निगडी अशी नावं दिसली. जुन्नर नाही, मंचर नाही, घोडेगाव नाही. काकांना परत फोन करून सांगितलं, "मघाशी पाठवलेला आकडा सोडून द्या."

मग खरा आकडा कुठे मिळतो? मोठ्या प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी लागते. २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे कंपनीला किंवा महामंडळाला आधी पर्यावरण आघात अहवाल करावा लागतो. त्यात पावसाळा सोडून एका हंगामात परिसरातल्या हवेची प्रत्यक्ष मोजणी असते. जनसुनावणीच्या किमान ३० दिवस आधी नोटीस निघते. अहवालाचा मसुदा जिल्हाधिकारी कार्यालयात, जिल्हा परिषदेत आणि प्रदूषण मंडळाकडे बघायला ठेवतात. सारांश मराठीतही द्यावा लागतो.

आपण काय करतो? सुनावणीला जातो, भाषण करतो, घोषणा देतो. हवेचा तक्ता मात्र कुणी उघडत नाही.

तो उघडा. तीन गोष्टी बघा. एक, यंत्रं नेमकी कुठे ठेवली होती? मंचरच्या गजबजलेल्या चौकात यंत्र ठेवलं, तर 'आधीची' हवाच खराब दिसते. मग नंतर वाढलेल्या धुळीचं खापर जुन्या ट्रॅफिकवर फुटतं. दोन, कुठल्या तारखांना मोजलं आणि वारा कुठून होता? तीन, सरासरीवर समाधान मानू नका, प्रत्येक दिवसाचे आकडे मागा. सरासरीत वाईट दिवस लपतात. तुलनेसाठी लक्षात ठेवा: २४ तासांची मर्यादा पीएम १० साठी १०० आणि पीएम २.५ साठी ६० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे.

अहवाल मिळत नसेल तर माहिती अधिकार वापरा. फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. आपल्या राज्यात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे. "प्रदूषण का होऊ देता?" असं विचारू नका. "अमुक प्रकल्पाच्या हवा-मोजणीची ठिकाणं, तारखा आणि दैनंदिन नोंदींच्या प्रती द्याव्यात," एवढंच लिहा. माहिती अधिकारात कागद मागायचा असतो, कारण नाही.

काही जण म्हणतील, स्वस्त सेन्सर लावू. लावा की! पण तो धुक्यात आकडा फुगवून दाखवतो. गावात कल कळायला ठीक आहे, सुनावणीत एकट्या त्याच्यावर विसंबू नका.

शेवटी खोडदचं सांगतो. जीएमआरटीच्या ३० अँटेना आपल्याच परिसरात आहेत. पुणे-नाशिक रेल्वेमुळे दुर्बिणीला अडथळा येईल, हा मुद्दा शास्त्रज्ञांनी लावून धरला आणि नारायणगाववरून जाणारा मार्ग रेल्वेने बाजूला ठेवला. त्यांना किती गोंगाट चालतो, हे त्यांच्याकडे मोजलेलं होतं. आपल्या छातीला किती धूळ चालते, त्याचीही मर्यादा कागदावर आहे. नाही ती आपल्या गावची नोंद.

आणि ही नोंद काम सुरू व्हायच्या आधीच घेता येते. एकदा डंपर फिरायला लागले की 'आधी'ची हवा परत मोजता येत नाही.

हा एपिसोड गावच्या ग्रुपवर टाका. भेटूया पुढच्या भागात!