पेटी गटाची, किल्ली कुणाकडे?

आम्ही मोहोळ तालुक्यातल्या एका बचत गटाच्या अकरा जणी. कडक भाकरी आणि शेंगा चटणी करून विकतो. आज मात्र चटणीबद्दल नाही, मोबाईलवरच्या ईमेलबद्दल बोलणार आहोत. आमची जी फजिती झाली ती सांगतो, म्हणजे तुमची व्हायला नको.

आमच्या गटाचं जीमेलवर खातं आहे. पुण्याच्या दुकानदाराची मागणी त्यावर येते, बँकेची पत्रं येतात, अन्न नोंदणीचा कागदही त्यावरच आला. हे खातं सचिव आक्कांच्या फोनमध्ये चालतं. उन्हाळ्यात त्यांच्या फोनवर ‘जागा शिल्लक नाही’ असं सारखं यायला लागलं. सुट्टीला आलेला भाचा म्हणाला, "मावशी, मी तुला दुसरं अ‍ॅप टाकून देतो, हलकं आहे." त्याने टाकलं. रंगीत होतं, छान होतं, मधूनमधून जाहिराती यायच्या. आक्कांनी विचारलं नाही, आम्हीही विचारलं नाही. पोरगं शिकलेलं आहे, म्हणजे बरोबरच असणार, असं आपलं असतं.

मग एका दुपारी आक्कांनी त्या अ‍ॅपमधली जुनी मेल पुसून टाकली. दोनशेच्या वर होती. त्यांना वाटलं, फोनमधली पुसतोय, खरी मेल तिकडे जीमेलमध्ये आहेतच. कुणालाही असंच वाटेल.

पंचवीस-सव्वीस दिवसांनी दुकानदाराचा फोन आला. साठ किलो चटणीचे पैसे त्याने किलोमागे वीस रुपये कमी धरून पाठवले होते. म्हणजे बाराशे रुपये. तो म्हणाला, "ताई, दर एवढाच ठरला होता, मेल बघा." मेल बघायला गेलो तर मेलच नाही. अ‍ॅपमध्ये नाही, अध्यक्ष काकूंच्या फोनवर खातं उघडून बघितलं, तिथेही नाही. त्या दिवशी आक्का जेवल्या नाहीत. बाराशे रुपये म्हणजे आमच्या किती दिवसांच्या शेंगा भाजणं, सोलणं, कुटणं, ते तुम्हाला सांगायला नको.

झालं काय होतं, ते आम्हाला नंतर कळलं. मेल फोनमध्ये नसतं. ते जीमेलच्या म्हणजे गूगलच्या यंत्रावर असतं. अ‍ॅप ही नुसती खिडकी. तुम्ही कुठल्याही खिडकीतून हात घालून डबा रिकामा केलात तर डबा सगळ्यांसाठीच रिकामा. आणि फोनची जागा वेगळी, खात्याची जागा वेगळी. खात्याला फुकटात १५ जीबी मिळतात, त्यात मेल, ड्राइव्ह आणि गूगलवर साठवलेले फोटो सगळे येतात. आक्कांचा फोन भरला होता तो व्हॉट्सअ‍ॅपवरच्या व्हिडिओंनी. लग्नाचे, कीर्तनाचे, सुप्रभातचे. ते काढल्यावर फोन लगेच सुटला. मेल पुसायची गरजच नव्हती.

नशीब एवढंच, की जीमेलमध्ये पुसलेलं मेल ३० दिवस कचरापेटीत राहतं. काकूंच्या लेकाने लॅपटॉपवर खातं उघडलं, कचरापेटीत गेला, आणि दराचं मेल सापडलं. आमचाच दर बरोबर होता. दुकानदाराला ते परत पाठवलं, त्याने दोन दिवसांत पैसे टाकले. पण आक्कांनी त्याच्याही आधी थोडी थोडी मेल पुसली होती, ती गेली ती गेलीच. त्यात बँकेचं एक पत्र होतं, त्यासाठी पुन्हा खेटे घालावे लागले.

आता दुसरी गोष्ट, ही जास्त महत्त्वाची. तुमच्या गटातही कॅशची पेटी एकीकडे आणि किल्ली दुसरीकडे ठेवत असतील. का ठेवतो ते आपल्याला माहीत आहे. मग बाहेरचं अ‍ॅप टाकताना आपण काय करतो? बाहेरचं म्हणजे, मेल एका कंपनीचं आणि ते दाखवणारं अ‍ॅप दुसऱ्याच कुणाचं. अशा वेळी गूगलचं एक पान उघडतं आणि विचारतं, ह्या अ‍ॅपला परवानगी द्यायची का. खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं: तुमची सगळी मेल वाचणं, लिहिणं, पाठवणं आणि कायमची पुसणं. भाच्याने ते न वाचताच ‘हो’ दाबलं होतं. पेटी, किल्ली, वही, सगळं एका अनोळखी माणसाच्या हातात.

सगळेच चोर असतात असं आम्ही म्हणत नाही. पण फुकटचं अ‍ॅप पोट कशावर भरतं, हे विचारायला हवं. अमेरिकेत अनरोल डॉट मी नावाची सेवा होती, नको असलेली जाहिरातींची मेल बंद करून द्यायची. २०१७ साली बाहेर आलं, की लोकांच्या मेलमधल्या खरेदीच्या पावत्यांची माहिती नावं काढून विकली जात होती. लोकांनी ‘हो’ स्वतःच दाबलं होतं.

चांगली बाहेरची अ‍ॅपही आहेत. थंडरबर्ड नावाचं आहे, जाहिराती नाहीत, लोकांच्या देणग्यांवर चालतं. ते आधी के-नाइन मेल म्हणून होतं, २०२४ पासून ह्या नावाने अँड्रॉइड फोनवर मिळतं. पण खरं विचाराल तर गटाचं एकच खातं असेल तर फोनमध्ये आधीपासून असलेलं जीमेलच पुरतं. दोन-तीन खाती असली तरी ती त्यात एकत्र दिसतात.

आणि एक. बाहेरचं अ‍ॅप टाकलंत आणि मेल उशिरा यायला लागलं, तर फोनची बॅटरी वाचवायची सोय त्याला झोपवत असते. आमच्याकडे सकाळची मागणी संध्याकाळी दिसायची. आम्ही नेटवर्कला शिव्या देत बसलो.

अ‍ॅप नको झालं तर नुसतं काढून भागत नाही. आम्ही काढलं, खूश झालो, पण परवानगी तशीच राहिली होती. त्यासाठी गूगल खात्यात ‘सुरक्षा’ म्हणून भाग आहे, त्यात बाहेरच्या अ‍ॅपना दिलेल्या परवानग्यांची यादी दिसते. तिथे जाऊन ती रद्द करायची. आमच्या यादीत तीन अ‍ॅप निघाली. त्यातलं एक कुंडली बघायचं होतं! ते कुणी टाकलं ह्यावर अजून वाद चालू आहे.

त्याच भागात खात्याला जोडलेला मोबाईल नंबरही बघा. आमच्या खात्याला तालुक्याच्या ज्या दुकानात खातं काढलं, तिथल्या मुलाचा नंबर होता. म्हणजे पासवर्ड विसरलो असतो तर कोड त्याच्याकडे गेला असता. तो बदलून आम्ही काकूंचा टाकला.

आता दर महिन्याच्या ५ तारखेच्या बैठकीत हप्ते जमा झाले की आक्का फोन मध्ये ठेवतात आणि आम्ही ती यादी बघतो. पासवर्ड कागदावर लिहून पेटीत ठेवला आहे. पेटी आक्कांकडे, किल्ली काकूंकडे. आणि आक्का आता मेल पुसायच्या आधी मोठ्याने विचारतात, "पुसू का गं?"