ध्येयाची एकजूट आणि कामाची शिस्त
(भिलाई-३ येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



भिलाई-३ च्या मार्शलिंग यार्डात ज्यांनी रात्रपाळी केली आहे, त्यांना सामूहिक काम म्हणजे काय हे पुस्तकातून शिकवावे लागत नाही. मालगाडीच्या दोन डब्यांमध्ये शिरून कपलिंग जोडणारा पॉइंट्समन सुखरूप बाहेर आल्याचे पाहिल्याशिवाय शंटिंग जमादाराने इशारा द्यावयाचा नसतो, आणि इशारा मिळाल्याखेरीज ड्रायव्हरने इंजिन हलवावयाचे नसते. दोघांचे आपसात पटते की नाही हा प्रश्न तेथे गौण असतो. एकाचा प्राण दुसऱ्याच्या सवयीवर अवलंबून असतो.

राजकीय कार्यकर्त्यांच्या फळीविषयी बोलताना मात्र हे विसरले जाते. ध्येय एक, झेंडा एक, तेव्हा काम आपोआप एकदिलाने होईल असे गृहीत धरले जाते. ते तसे होत नाही. याचा सर्वांत कडवट पुरावा दूर कोठे शोधावयास नको. भिलाईच्या भट्ट्यांना लोहखनिज पुरविणाऱ्या दल्ली-राजहऱ्यातच तो सापडतो.

भिलाईचा पोलाद कारखाना सोव्हिएत संघाशी १९५५ साली झालेल्या करारातून उभा राहिला. पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी सुरू झाली. तिला लागणारे खनिज राजहऱ्याच्या डोंगरातून येत होते. यांत्रिक खाणीत कायम कामगार होते, तर हाताने चालणाऱ्या खाणीत ठेकेदारांचे हजारो मजूर. पुरुष दगड फोडीत आणि स्त्रिया तो टोपल्यांतून वाहून नेत. खनिज एकच, कारखाना एकच. परंतु १९७७ साली बोनसचा करार झाला तेव्हा कायम कामगाराच्या वाट्याला ३०८ रुपये आले आणि ठेकेदारी मजुराच्या वाट्याला ७०. हा करार मान्य करणाऱ्यांत आयटकची संघटना होती. आयटक ही कम्युनिस्ट चळवळीच्याच परंपरेतली, म्हणून हा इतिहास येथे झाकून ठेवण्याचे कारण नाही. ठेकेदारी मजूर आयटक व इंटक या दोन्ही संघटनांतून बाहेर पडले. आणीबाणीतील तुरुंगवासातून नुकतेच सुटलेले शंकर गुहा नियोगी यांना त्यांनी बोलावून घेतले आणि छत्तीसगढ माइन्स श्रमिक संघ स्थापन केला. त्याच वर्षी जूनच्या २ व ३ तारखांना पोलिसांच्या गोळीबारात ११ जण शहीद झाले.

करार करणाऱ्यांच्या घटनेत समाजवादाचे ध्येय नव्हते काय? अवश्य होते. परंतु ज्यांच्या पोटाचा निर्णय व्हावयाचा होता त्यांचे मत विचारण्याची सवय संघटनेच्या अंगी मुरलेली नव्हती. शब्दांत एकजूट आणि व्यवहारात दोन पंगती, अशी ती अवस्था होती.

नव्या संघटनेची लढाऊ बाजू सर्वांना ठाऊक आहे. तिच्या कामाच्या पद्धतीकडे मात्र पुरेसे लक्ष गेलेले नाही. मजुरीच्या प्रश्नावर ती थांबली नाही. शिक्षण, आरोग्य, बचत, क्रीडा, संस्कृती, शेतकऱ्यांचे प्रश्न, दारूबंदी असे सतरा विभाग पाडून कामे वाटून देण्यात आली. वाढलेली मजुरी दारूच्या गुत्त्यात जाऊ लागली तेव्हा ठरावाने काही झाले नसते. वस्त्यावस्त्यांतून रोज राबविलेल्या मोहिमेने झाले, आणि त्या मोहिमेचा कणा स्त्रिया होत्या. १९८१ साली नियोगींना राष्ट्रीय सुरक्षा कायद्याखाली अटक झाली, तरी काम थंडावले नाही.

रुग्णालयाची हकिकत तर अधिक बोलकी आहे. संघटनेच्या उपाध्यक्षा कुसुमबाई यांचा बाळंतपणात उपचारांअभावी मृत्यू झाला. शोकसभा घेऊन प्रश्न मिटला असता, तसा अनेक ठिकाणी मिटतोही. येथे मजुरांनी स्वतःचे रुग्णालय बांधण्याची शपथ घेतली. पण शपथ आणि इमारत यांच्यामध्ये काही वर्षे गेली, आणि त्या वर्षांत जे घडले तेच शिकण्यासारखे आहे. प्रथम वस्त्यांची सफाई झाली. मग १९८२ साली एक लहानसा दवाखाना सुरू झाला. त्यात खाणीतली पाळी संपवून आलेले मजूर मलमपट्टी, इंजेक्शन, औषधवाटप शिकू लागले. ३ जून १९८३ रोजी, गोळीबाराच्या स्मृतिदिनी, १५ खाटांचे शहीद रुग्णालय उघडले, ते मजुरांच्या वर्गणीतून व श्रमदानातून. विनायक सेन, आशिष कुंडू, शैबाल जाना यांच्यासारखे शिकलेले डॉक्टर आणि टोपल्या वाहणाऱ्या स्त्रिया एका बैठकीत बसत. डॉक्टरने सांगावे आणि बाकीच्यांनी ऐकावे, ही रीत तेथे चालली नाही. सुशिक्षित कार्यकर्त्याला ही गोष्ट वाटते तितकी सोपी नसते.

मुंबईच्या १९२८ च्या संपातही गिरणी कामगार युनियनची खरी ताकद गिरण्यागिरण्यांतून उभ्या राहिलेल्या समित्यांत होती. मार्च १९२९ मध्ये मीरतच्या खटल्यासाठी पुढाऱ्यांची धरपकड झाली तेव्हा या समित्यांनाच भार पेलावा लागला. तो किती दिवस पेलवला, हा वेगळा आणि दुःखद प्रश्न आहे.

तसाच प्रश्न भिलाईतही आला. १९९० पासून नियोगींनी भिलाईच्या खासगी कारखान्यांतील ठेकेदारी कामगारांची संघटना बांधली. २८ सप्टेंबर १९९१ च्या पहाटे ते झोपेत असताना त्यांचा खून करण्यात आला. १ जुलै १९९२ रोजी पॉवर हाउस स्टेशनवर रुळावर बसलेल्या कामगारांवर गोळीबार झाला व पंधराहून अधिक कामगार मारले गेले. पुढे चळवळीत फूट पडली. तिचे गट झाले. रुग्णालय मात्र टिकले, वाढले, आजही चालू आहे. या फरकाचे कारण एकच नाही. दडपशाही जेथे सर्वाधिक झाली तेथेच फूटही पडली, हे विसरून चालणार नाही. परंतु रुग्णालयात कोणते काम कोणाचे, हे अनेकांना ठाऊक होते आणि अनेकांना करता येत होते. राजकीय निर्णयांची सूत्रे मात्र पुष्कळ अंशी एका थोर माणसाच्या हाती गोळा झाली होती. थोरपणामुळे हा दोष झाकला जातो, एवढेच.

शाखांच्या कामाकडे या दृष्टीने पाहिले पाहिजे. बैठक संध्याकाळी सहाला ठेवली की दुसऱ्या पाळीचा कामगार आणि चूल पेटविणारी स्त्री, दोघेही वगळले जातात. मग "जनता येत नाही" अशी तक्रार करण्यात अर्थ नाही. मागील बैठकीचे इतिवृत्त वाचल्याशिवाय नवा विषय घेऊ नये. "समितीने करावे" असा ठराव म्हणजे कोणीच न करण्याचा ठराव होय. प्रत्येक कामापुढे एक नाव आणि एक तारीख हवी. वर्गणीचा हिशेब मागितल्यावर नव्हे, आपणहून वाचून दाखवावा. टीका बैठकीत व्हावी, चहाच्या टपरीवर नव्हे. नागपूर-गोंदियाकडून आलेल्या कॉम्रेडांनी चर्चा मराठीत सुरू करून छत्तीसगढी मजुराला कोपऱ्यात बसवू नये.

आणि एक साधी तपासणी प्रत्येक शाखेने पुढच्याच बैठकीत करावी: शाखेच्या क्षेत्रात ठेक्यावर राबणारे हात किती, त्यांपैकी किती जण सभासद आहेत, आणि त्यांच्याविषयीचा शेवटचा निर्णय घेतला तेव्हा त्यांच्यापैकी कोण हजर होते. हजेरीची वही समोर ठेवूनच ही चर्चा व्हावी.