भेटवस्तू आणि श्रमाची प्रतिष्ठा

(चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील हस्तव्यवसाय या विषयावरील व्याख्यानाचा मजकूर)



सार्वजनिक जीवनात भेट देण्याचे प्रसंग वारंवार येतात. शाळेतील बक्षीस समारंभ, सेवानिवृत्तांचा निरोप, पाहुण्यांचा सत्कार, दिवाळीची भेट अशा प्रत्येक प्रसंगी काही ना काही वस्तू विकत घेतली जाते. ती बहुधा शहरातील दुकानातून येते आणि थोड्याच दिवसांत कपाटात जाऊन पडते. हीच रक्कम जिल्ह्यातील कारागिराच्या अथवा एखाद्या सेवासंस्थेच्या हातात पडली, तर तिच्यातून काय घडू शकते, याचा विचार या व्याख्यानात करावयाचा आहे. त्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. चंद्रपूर जिल्ह्यातच याचे बोलके उदाहरण आहे.

आनंदवनाचा अनुभव

बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये महारोगी सेवा समितीची स्थापना केली आणि वरोऱ्याजवळच्या खडकाळ, झुडुपांनी भरलेल्या जमिनीवर आनंदवन उभे राहिले. १९५१ मध्ये विनोबा भावे यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. सहा कुष्ठरुग्ण, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये एवढ्या भांडवलावर या कार्याचा प्रारंभ झाला. रुग्णांनी विहीर खणली, जमीन लागवडीस आणली आणि थोड्याच वर्षांत वसाहतीची गरज भागून भाजीपाला उरू लागला. परंतु तो विकत घेण्यास वरोऱ्याचे नागरिक तयार होईनात. भाजी ताजी होती, दरही वाजवी होता. मात्र ती पिकविणाऱ्या हातांची लोकांना भीती वाटत होती.

या प्रसंगाचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. याच समाजातील लोक कुष्ठरुग्णाच्या थाळीत नाणे टाकीत होते. दान देताना देणारा वर आणि घेणारा खाली असतो, म्हणून दान देणे सोपे होते. खरेदी करताना मात्र दोघे एका पातळीवर येतात, आणि तेच लोकांना अवघड वाटत होते. पुढे १९५४ च्या सुमारास सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल या संघटनेचे देशोदेशींचे स्वयंसेवक आनंदवनात येऊन राहिले, रुग्णांसमवेत त्यांनी बांधकाम केले आणि तेथीलच अन्न घेतले. ते पाहून लोकांच्या मनातील भीती ओसरू लागली. भाजी विकली गेली तेव्हा आनंदवनाला पैसे मिळालेच. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे तेथील माणसांना समाजात पुन्हा प्रवेश मिळाला.

शेतीच्या जोडीला आनंदवनात हातमाग, सुतारकाम, चर्मकाम, छपाई, शुभेच्छापत्रे असे अनेक उद्योग उभे राहिले. रोगमुक्त झालेल्यांबरोबर अंध, मूकबधिर व अपंग व्यक्तीही या कामांत सामील झाल्या. कुष्ठरोगामुळे मज्जातंतूंना इजा होऊन हातापायांची संवेदना जाते. अशा हाताला चटका बसला किंवा हत्यार लागले तरी कळत नाही आणि जखम चिघळते. म्हणून हत्यारांच्या मुठी जाड व गुळगुळीत ठेवणे, रोज हात तपासणे, पायांसाठी मऊ रबराच्या तळाच्या चपला वापरणे ही काळजी घ्यावी लागते. अशा हातांनी विणलेली सतरंजी किंवा रंगविलेले शुभेच्छापत्र पाहताना त्यामागील शिस्तही ध्यानात यावी.

या वस्तूंतून रोग पसरेल ही शंका निराधार आहे. १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बहुविध औषधोपचाराची शिफारस केली. हे उपचार सुरू झाल्यावर रुग्णाकडून संसर्ग होण्याचा धोका अल्पावधीतच संपतो. शिक्षकांनी ही गोष्ट वर्गात सांगितली, तर ते मोठेच कार्य होईल.

वनातील कारागीर

या दोन जिल्ह्यांची खरी संपत्ती वन ही आहे. मानवेल आणि कटांग या बांबूंच्या जाती येथील लोकांच्या नित्याच्या ओळखीच्या आहेत. बुरूड समाजाने पिढ्यान्‌पिढ्या सूप, टोपली, परडी, तट्टे आणि कणगी विणून शेतकऱ्यांची गरज भागविली. प्लास्टिकची घमेली व पोती आल्यावर ही मागणी घटली. दुसरीकडे बांबू मोठ्या प्रमाणावर कागद कारखान्यांकडे जात राहिला.

२००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूचा समावेश गौण वनोपजात केला. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावास २००९ मध्ये सुमारे अठराशे हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला आणि २७ एप्रिल २०११ रोजी बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या स्वाधीन झाले. गावाला स्वतःचा बांबू स्वतः विकता येऊ लागला, ही घटना साऱ्या देशाचे लक्ष वेधणारी ठरली. तथापि कच्चा बांबू विकून मिळणारे उत्पन्न आणि त्याच्या कामट्या काढून केलेल्या वस्तूचे मोल यांत मोठे अंतर आहे. ते अंतर गावातच राहावे, यासाठी कौशल्य व बाजारपेठ दोन्ही हवीत. कौशल्यासाठी राज्य शासनाने २०१४ मध्ये चंद्रपूरजवळ चिचपल्ली येथे बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र सुरू करण्याचा निर्णय घेतला. ऐन व अर्जुन वृक्षांवर टसर कोषांचे पीक घेणारी ढिवर कुटुंबे आणि त्या रेशमापासून विदर्भात विणली जाणारी करवतकाठी साडी हेही याच साखळीतील दुवे आहेत.

दयेची खरेदी व दर्जाची खरेदी

येथे एक इशारा देणे आवश्यक आहे. दया म्हणून घेतलेली वस्तू एकदाच घेतली जाते. टोपलीला वर्षभरात भुंगेरा लागला, तर घेणारा पुन्हा येत नाही. बांबूतील पिष्टमय द्रव्यावर हा कीटक जगतो. म्हणून तीन वर्षांवरील पक्का बांबू तोडणे आणि बोरिक आम्ल व बोरॅक्स यांच्या द्रावणात तो मुरविणे हे उपाय अवश्य केले पाहिजेत. उत्पादकाने दर्जा राखावा आणि ग्राहकाने त्याचा आग्रह धरावा, यातच कारागिराचा सन्मान आहे.

त्याचप्रमाणे 'सेवाकार्यासाठी' अशी चिठ्ठी लावलेली प्रत्येक वस्तू त्या कार्यास मदत करतेच असे नाही. वस्तू कोणी केली, किमतीतील किती वाटा त्याला मिळाला, संस्था नोंदणीकृत आहे काय आणि तिचा हिशेब पाहावयास मिळतो काय, एवढे प्रश्न विचारणे हा ग्राहकाचा हक्क आहे. प्रामाणिक संस्थेला या प्रश्नांचा राग येत नाही.

कार्यालये व पंचायती काय करू शकतील?

सार्वजनिक खरेदीत लहान उत्पादकाला वाटा असावा, हे तत्त्व मान्य झालेले आहे. केंद्र सरकारच्या २०१२ च्या धोरणानुसार केंद्रीय विभाग व उपक्रमांनी सूक्ष्म व लघु उद्योगांकडून करावयाच्या खरेदीचे प्रमाण २०१८ पासून २५ टक्के आहे. त्यात अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांसाठी ४ टक्के, तर महिला उद्योजकांसाठी ३ टक्के वाटा राखलेला आहे. स्थानिक पातळीवर यासाठी नव्या योजनेची वाट पाहण्याची गरज नाही. नियमांच्या चौकटीत पुढील गोष्टी सहज करता येतील.

पहिली गोष्ट म्हणजे मागणी वेळेवर नोंदविणे. हाताने होणारे काम आठ दिवसांत शंभर नग देऊ शकत नाही. दिवाळीची मागणी पावसाळ्यातच कळविली, तर कारागिराला साहित्य जमविता येते व हंगामी मजुरीसाठी गाव सोडावे लागत नाही.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे, ती म्हणजे देयक त्वरित चुकते करणे. मोठा व्यापारी सहा महिने थांबू शकतो. रोजच्या कमाईवर चूल पेटविणाऱ्या विणकराला ते शक्य नसते. मागणी देऊन पैसे अडकवून ठेवणारी सहानुभूती त्याला सावकाराच्या दारी नेते. त्यापेक्षा मागणी न दिलेली बरी, असेच त्याला वाटेल.

तिसरी गोष्ट उपयुक्त वस्तूंची निवड. पेनदाणी, कागदपत्रांची परडी, शबनम पिशवी, सतरंजी या वस्तू रोजच्या वापरात राहतात. पाहणारे त्यांची चौकशी करतात आणि त्यातूनच पुढची मागणी येते. वस्तूसोबत गावाचे व संस्थेचे नाव असलेली छोटी चिठ्ठी द्यावी. शाळांनी बक्षिसांसाठी अशा वस्तू निवडल्या आणि कारागिराला एक दिवस वर्गात बोलावून त्याचे काम मुलांना दाखविले, तर श्रमप्रतिष्ठेचा तो उत्तम पाठ ठरेल.

वरोऱ्याच्या बाजारात एके काळी न विकली गेलेली भाजी ही समाजाची परीक्षा होती. ती परीक्षा संपलेली नाही. सत्काराची प्रत्येक भेट निवडताना ती पुन्हा द्यावी लागते. चंद्रपूर व गडचिरोलीच्या कारागिरांना उपकार नकोत. वेळेवर मागणी, वाजवी दर आणि हाताला नियमित काम एवढेच त्यांचे मागणे आहे. ते पूर्ण करणे या सभागृहातील प्रत्येकाच्या अधिकारात आहे.