ऋण आणि सचोटी



ज्या गुरुवर्यांच्या स्मृतीला वंदन करण्यासाठी आपण येथे जमलो आहोत, त्यांच्या नावाला शोभेल असा विषय म्हणून मी ऋण आणि सचोटी यांचा संबंध निवडला आहे. उदाहरण अमेरिकेचे घेतो. कारण तेथे हा विचार शासकीय नियमांत मांडलेला आढळतो.

राज्याची गुपिते ज्याच्या हाती सोपवावयाची, त्याची पारख तेथे तेरा निकषांवर होते. ८ जून २०१७ पासून अमलात आलेल्या या निकषांपैकी एक आर्थिक व्यवहाराचा आहे, तर दुसरा वैयक्तिक वर्तनाचा. कर्जाचा आणि राष्ट्राच्या सुरक्षिततेचा संबंध काय, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर इतिहासात आहे. सी.आय.ए.चा अधिकारी आल्ड्रिच एम्स १९८५ साली कर्जाने गांजला होता. त्याने सोव्हिएत वकिलातीची पायरी चढून पन्नास हजार डॉलरसाठी गुपिते विकली. पुढे त्याने फोडलेल्या नावांमुळे अनेकांना प्राणास मुकावे लागले. पगाराशी विसंगत असे ५,४०,००० डॉलरचे घर त्याने रोखीने घेतले, तरी त्याला अटक झाली ती १९९४ मध्ये. पुढच्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या आदेशात अशा कर्मचाऱ्यांच्या आर्थिक माहितीच्या प्रकटीकरणाची तरतूद करण्यात आली.

म्हणून प्रत्येक ऋणको देशद्रोही ठरतो काय? मुळीच नाही. नोकरी गेली, घरात आजारपण आले, घटस्फोट झाला, धंदा बुडाला, अशा कारणांनी थकलेल्या कर्जाकडे हे नियम सहानुभूतीने पाहतात. अट एवढीच, की त्या प्रसंगी माणूस जबाबदारीने वागलेला असावा. सावकाराशी बोलून हप्ते बांधून घेणे आणि ते नेमाने फेडणे, ही त्याच्या बाजूची साक्ष होय. शंका उरलीच, तर मात्र निर्णय राष्ट्राच्या सुरक्षिततेच्या बाजूने होतो.

खरा घात होतो तो लपविण्याने. उमेदवाराच्या प्रश्नावलीत गेल्या सात वर्षांतील थकबाकीची विचारणा असते. समजा, एकाने मोठी थकबाकी प्रामाणिकपणे नोंदविली आणि दुसऱ्याने अब्रूला भिऊन लहानशी थकबाकी जाणूनबुजून दडविली. पहिल्याचा प्रश्न केवळ पैशाचा राहतो. दुसऱ्याचा चारित्र्याचा होतो. शिवाय हेतुपुरस्सर खोटे निवेदन हा पाच वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. मात्र कोणी जाब विचारण्यापूर्वीच ज्याने आपण होऊन चूक दुरुस्त केली, त्याची नोंद त्याच्या बाजूने घेतली जाते. आपल्याकडेही २०१६ साली अवतार सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, कर्जाविषयी नव्हे तर फौजदारी प्रकरणांविषयी, नोकरीच्या वेळी दिलेली माहिती सत्य असावी, असेच सांगितले.

'झाकली मूठ सव्वा लाखाची' ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो. चारचौघांत घराची लाज राखण्यास ती ठीक आहे. परंतु झाकलेल्या मुठीतले कर्ज ज्याला ठाऊक होते, तो त्या माणसाला धाकात ठेवू शकतो. उघड केलेल्या कर्जाचा धाक कोणी घालू शकत नाही. या नियमांमागील मर्म हेच.

अंथरूण पाहून पाय पसरावे, हे आपण मुलांना शिकवितोच. त्यापुढचा धडाही शिकवावा: पाय बाहेर गेलेच, तर ते मोकळेपणाने सांगावे आणि नेटाने आवरावे. सत्य सांगणाऱ्या मुलाला घरात व वर्गात अभय मिळाले, तरच हा धडा रुजेल. ते अभय देणे हेच गुरुजनांचे खरे स्मारक ठरेल.