शिक्षकाच्या मनावरचा ताण

जिल्हा परिषदेच्या दोनशिक्षकी शाळेत एकजण बैठकीला गेला, की दुसऱ्यावर सगळे वर्ग येतात. तेवढ्यात मोबाइल वाजतो. यू-डायस पोर्टलवर शाळेची माहिती आजच भरा, पोषण आहाराची नोंद राहिली, मतदार यादीचं काम अपुरं आहे. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २७ नुसार जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका वगळता शिक्षकांना अशैक्षणिक कामाला जुंपता येत नाही. तरीही रात्री ग्रुपवर 'तात्काळ' असा निरोप येतो. उशीर झाला की सगळ्यांदेखत नाव घेतलं जातं. माझ्या मते कामाच्या ढिगाऱ्याहून हा पाणउतारा जास्त खोल लागतो. झोप उडते, रविवारी संध्याकाळीच धडधडू लागतं, लाडक्या मुलांवरही चिडचिड होते. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये अशा थकव्याचं, म्हणजे 'बर्नआउट'चं, मूळ कामाच्या ठिकाणच्या, न हाताळलेल्या दीर्घ ताणात असल्याचं म्हटलं. म्हणजे हा शिक्षकाचा दुबळेपणा नव्हे. मुख्याध्यापक आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांनी शाळा सुटल्यानंतरचे आदेश आधी थांबवावेत. आणि शिक्षकमित्रांनो, मन फारच थकलं असेल, तर टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. ही सेवा मोफत आहे, दिवसरात्र सुरू असते आणि तिथं मराठीतही बोलता येतं.