घरगुती कुक्कुटपालन

आपले पुनावळे १९९७ साली पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत आले आणि शेतांच्या जागी इमारती उठल्या. तरी ज्यांचे अंगण उरले आहे, त्यांनी चार-पाच कोंबड्या अवश्य पाळाव्या. अंड्यांचा पैसा गृहिणीच्या हाती राहतो. मात्र खुराड्याआधी लशीचा विचार करावा. मानमोडीस, म्हणजे राणीखेत रोगास, औषध नाही. पिल्लांना पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा लशीचा थेंब डोळ्यांत घालावा लागतो. तिची लहान कुपीही बहुधा शंभर पिल्लांपुरती असते, आणि कालवलेली लस फार वेळ टिकत नाही. एका घरास हे परवडणारे नव्हे. म्हणून ज्ञातिबांधवांनी शेजाऱ्यांसह एकाच दिवशी पिल्ले आणावी, अशी आमची सूचना आहे. रोग ज्ञात विचारून येत नाही. शेजारचे खुराडे निरोगी, तरच आपले.